एफएफआय टाइप खालच्या थरात हलवताना: क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

एफएफआय म्हणजे दुसऱ्या भाषेतल्या कोडशी बोलायची सोय. त्यासाठी लागणारे, सी-शी बोलणारे टाइप स्टँडर्ड लायब्ररीच्या एका मॉड्यूलमधून दुसऱ्यात न्यायचे, हे काम दिसायला फाइल उचलून ठेवण्याइतकं सोपं. म्हणूनच ते उलट्या क्रमाने होतं. आधी फाइल हलते, मग कंपायलर ओरडेल तिथे ठिगळं लागतात, आणि स्वतःच्या एक्स८६ लिनक्स मशीनवर सगळं हिरवं दिसलं की काम संपलं असं धरलं जातं. एआरएम आणि विंडोजवाल्यांच्या तक्रारी येतात त्या पुढच्या आवृत्तीनंतर.

हा लेख रस्ट ही भाषा डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे, कारण तिथे हे स्थलांतर प्रत्यक्ष झालंय. रस्टची स्टँडर्ड लायब्ररी तीन थरांची: सगळ्यात खाली कोअर, त्यावर मेमरी मागू शकणारा अलॉक, आणि वर ऑपरेटिंग सिस्टिम लागणारी एसटीडी. सी_इंट, सी_चार, सी_लाँग वगैरे मंडळी आधी फक्त एसटीडी::ओएस::रॉ मध्ये राहत होती. सप्टेंबर २०२२ मधल्या १.६४ आवृत्तीत ती कोअर::एफएफआय मध्ये स्थिर झाली, म्हणजे सगळ्यांना वापरायला खुली झाली, आणि त्याच आवृत्तीत सीस्ट्र (शून्य बाइटने संपणारी सी-ची स्ट्रिंग, उसनी घेतलेली) कोअरमध्ये आणि सीस्ट्रिंग (तीच, स्वतःच्या मालकीची) अलॉकमध्ये उतरलं. तुम्ही स्टँडर्ड लायब्ररीला हात लावत नसाल, पण स्वतःच्या क्रेटमध्ये (रस्टच्या पॅकेजमध्ये) ‘एसटीडी लागणारा’ आणि ‘न लागणारा’ असे थर पाडत असाल, तरी क्रम हाच. (कोडमधली नावं इथे देवनागरीत आहेत. एडिटरमध्ये ती नेहमीसारखीच टाइप करायची, हे सांगायला नकोच.)

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या. हलवायची आहे ती टाइपकडे जाणारी वाट. टाइप मात्र एकच राहिला पाहिजे. पुढच्या बहुतेक चुका एकाचे दोन होण्यातून निघतात.

## १. आधी यादी, आणि यादीचे दोन ढीग

कोडला हात लावायच्या आधी जुन्या मॉड्यूलमधून बाहेर दिसणारं प्रत्येक नाव लिहून काढा आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न विचारा: हा नुसता एलियस (दुसऱ्या टाइपचं टोपणनाव) आहे, की स्वतःची ओळख असलेला टाइप?

सी_इंट, सी_लाँग, सी_चार हे एलियस आहेत. कंपायलरच्या लेखी सी_इंट म्हणजे बहुतेक टार्गेटवर (ज्या मशीनसाठी कोड बनवायचा, त्यावर) सरळ आय३२ (३२ बिटांचा पूर्णांक), त्याला वेगळी ओळख नाही. सी_व्हॉइड, सीस्ट्र, सीस्ट्रिंग आणि त्यांच्याबरोबरचे एरर-टाइप हे मात्र खरेखुरे टाइप. त्यांची व्याख्या दोन ठिकाणी लिहिली तर अक्षरन् अक्षर सारखी असूनही कंपायलर त्यांना परके मानतो.

सी_व्हॉइडच्या बाबतीत नेमकं हेच बरीच वर्षं चाललं. लिबसी क्रेटचा सी_व्हॉइड वेगळा आणि एसटीडीचा वेगळा, त्यामुळे एका लायब्ररीने दिलेला पॉइंटर दुसरीला देताना उगाचच कास्ट करावं लागायचं. १.३० मध्ये तो कोअर::एफएफआय मध्ये आला, आणि मग बाकीच्यांना तिथूनच री-एक्स्पोर्ट करायची (तीच वस्तू आपल्या पत्त्यावरूनही दाखवायची) सोय झाली.

हे ढीग महत्त्वाचे, कारण दोन्हींच्या चुका वेगळ्या तऱ्हेने उघड होतात. खरा टाइप दुप्पट झाला तर बिल्ड लगेच मोडतो, म्हणजे तुमचं नशीब चांगलं. एलियस दुप्पट झाला तर काहीच मोडत नाही. दोन्हीकडे आय३२ आहे, सगळं जुळतं, टेस्ट पास होतात. पुढे कधीतरी एका जागची व्याख्या एखाद्या टार्गेटसाठी सुधारली जाते आणि दुसरी तशीच राहते, तेव्हा ते फुटतं. तोवर हे कोणी केलं होतं ते कुणालाच आठवत नसतं.

दुसऱ्या भाषेतली सवय इथे आणू नका. हास्केलमध्ये सी-इंट हा एलियस नाही, न्यूटाइप आहे, म्हणजे स्वतःची ओळख असलेलं वेष्टन. जीएचसी या हास्केल कंपायलरच्या ७.६ पासून फॉरेन इंपोर्ट लिहिताना त्याचा कन्स्ट्रक्टरसुद्धा स्कोपमध्ये लागतो. तिथे नुसतं टाइपचं नाव हलवून भागत नाही, कन्स्ट्रक्टरही त्याच वाटेने बाहेर यावा लागतो.

तपासणी: यादीतल्या प्रत्येक नावापुढे ‘एलियस’ किंवा ‘टाइप’ लिहिलं आहे का? ‘बहुधा एलियस’ अशी नोंद असेल तर पुढे जाऊ नका. व्याख्या उघडून बघा.

## २. टार्गेटचा तक्ता कागदावर

एलियसच्या ढिगासाठी तक्ता करा: उभ्या बाजूला टाइप, आडव्या बाजूला टार्गेट. सगळी टार्गेट घ्यायची गरज नाही, पण जिथे उत्तर बदलतं ती सुटता कामा नयेत.

सी_चार हा सगळ्यात खोडकर. एक्स८६ वर तो चिन्हासहित, म्हणजे आय८. एआरएम लिनक्स, पॉवरपीसी, रिस्क-व्ही आणि एस३९०एक्स लिनक्सवर चिन्हाशिवाय, म्हणजे यू८. इथवर वाचून ‘एआरएम म्हणजे यू८’ असा नियम डोक्यात बसतो, आणि तो चुकीचा आहे. अॅपलच्या एआरएम मशीनवर आणि एआरएमवरच्या विंडोजवर तो आय८ च आहे. म्हणजे हे उत्तर नुसत्या प्रोसेसरवरून ठरत नाही, प्रोसेसर आणि ऑपरेटिंग सिस्टिम ही जोडी ते ठरवते. अट लिहिताना फक्त प्रोसेसर तपासणारा कोड मी इतक्यांदा पाहिलाय की रिव्ह्यूमध्ये सी_चारची ओळ दिसली की मी आधी तेवढंच वाचतो.

सी_लाँगची गंमत उलटी. ६४-बिट लिनक्स आणि मॅकवर तो ६४ बिटांचा, ६४-बिट विंडोजवर मात्र ३२ बिटांचाच. सी_लाँगलाँग सगळीकडे ६४. सी_इंट बहुतेक ठिकाणी ३२, पण एव्हीआर आणि एमएसपी४३० या छोट्या कंट्रोलरवर १६. ‘इंट काय, ३२ च असणार’ असं म्हणून तक्त्यात ती ओळ गाळू नका. टाइप कोअरमध्ये आणायचे ते या छोट्या चिपवाल्यांसाठीच, कारण त्यांच्याकडे एसटीडी नसते.

सावधान: तक्ता जुन्या कोडवरून उतरवून काढू नका. त्या टार्गेटवरचा सी कंपायलर काय म्हणतो ते बघा आणि मग जुन्या कोडशी ताडून पाहा. फरक निघाला तर तो वेगळा दोष आहे, वेगळ्या कमिटमध्ये दुरुस्त करा. हलवाहलवीत लपवून केलेली दुरुस्ती पुढे कुणालाच सापडत नाही.

## ३. कुठली मेथड कशावर टेकली आहे?

हा टप्पा खऱ्या टाइपच्या ढिगासाठी. टाइप खालच्या थरात गेला की वरच्या थरातलं काहीच त्याला दिसत नाही. कोअरला मेमरी मागता येत नाही आणि ऑपरेटिंग सिस्टिमचाही पत्ता नसतो.

सीस्ट्रची एकेक मेथड घ्या. बाइट्स देणारी, यूटीएफ-८ तपासून स्ट्र देणारी, शेवटचा शून्य बाइट शोधणारी या सगळ्या निर्धास्त खाली जातात. पण टू_स्ट्रिंग_लॉसी? तिला चुकीचे बाइट सापडले तर नवी स्ट्रिंग बनवावी लागते, म्हणजे अलॉक हवं. बॉक्समधल्या सीस्ट्रचं सीस्ट्रिंग करणारी इंटू_सी_स्ट्रिंग, तिचंही तेच. या दोघी वरच राहणार. ओएसस्ट्र आणि ओएसस्ट्रिंग तर ऑपरेटिंग सिस्टिमच्या पद्धतीवरच उभे आहेत, त्यांना एसटीडीमधून हलवायच्या भानगडीत पडू नका.

काही अवलंबनं इंपोर्टच्या ओळीत दिसत नाहीत. कच्च्या पॉइंटरवरून सीस्ट्र बनवताना लांबी मोजावी लागते, आणि ते काम स्ट्रलेन करतं. एसटीडीत असताना ते लिबसीमधून आयतं मिळायचं. कोअरमध्ये आल्यावर ते ‘लिंक करताना कुठून तरी मिळेल’ असं गृहीत धरलेलं चिन्ह बनतं. रस्टच्या कोअरला बाहेरून लागणाऱ्या फंक्शनच्या यादीत मेमकॉपी, मेमसेट यांच्याबरोबर आज स्ट्रलेनही आहे, ते याचसाठी. तुमच्या हलवण्याने अशी नवी मागणी तयार होत असेल तर ती डॉक्युमेंटेशनमध्ये लिहा. नाहीतर बेअर-मेटलवाल्याला (ऑपरेटिंग सिस्टिमशिवाय कोड चालवणाऱ्याला) लिंकरचा एरर मिळेल आणि तो बिचारा स्वतःच्या लिंकर स्क्रिप्टमध्ये चूक शोधत बसेल.

तपासणी: प्रत्येक मेथड आणि प्रत्येक ट्रेट-इम्प्लपुढे (ट्रेट म्हणजे ठरलेल्या मेथडचा संच, इम्प्ल म्हणजे तो टाइपसाठी पुरवणारा कोड) ‘कोअर’, ‘अलॉक’ किंवा ‘एसटीडी’ असं लिहा. एकही रकाना रिकामा नको.

## ४. व्याख्या हलवा, पण एका कमिटमध्ये एकच काम

आता कुठे कोड. पहिला कमिट निव्वळ स्थलांतराचा: व्याख्या जशीच्या तशी नव्या जागी, जुनी व्याख्या काढलेली, जुन्या जागी नव्याकडे बोट. नाव सुधारणं, कॉमेंट नीट करणं, ‘जाता जाता’ एखादी मेथड कॉन्स्ट करणं यातलं काहीही नाही. गिटला फाइल हलली हे ओळखता आलं तर इतिहास टिकतो, आणि रिव्ह्यू करणाऱ्याला हजार ओळींऐवजी वीस ओळी वाचाव्या लागतात.

नवी जागा आधी अस्थिर ठेवा. स्टँडर्ड लायब्ररीत त्यासाठी फीचर-गेट असतो. स्वतःच्या क्रेटमध्ये मॉड्यूल काही दिवस खाजगी ठेवा किंवा डॉक्समधून लपवा. जागा चुकली असं लक्षात आलं तर माघार घेता आली पाहिजे.

स्वतःच्या क्रेटमध्ये इथे एक चूक हमखास होते, म्हणून जवळून दाखवतो. एसटीडी हे फीचर (वापरणाऱ्याने चालू-बंद करायचा पर्याय) चालू असेल तर सी_इंट एसटीडीकडून घ्यायचा, आणि बंद असेल तर स्वतःच ‘टाइप सी_इंट = आय३२’ लिहून टाकायचं. वाचायला समजूतदार वाटतं. पण एसटीडी बंद करणारा माणूस कोण असतो? तोच तो छोट्या कंट्रोलरवाला, ज्याच्याकडे सी_इंट १६ बिटांचा असू शकतो. म्हणजे ज्या एका वाचकासाठी ही शाखा लिहिली, त्यालाच ती चुकीचं उत्तर देते. शिवाय फीचरनुसार टाइप बदलणं हेच मुळात वाईट. रस्टचं बिल्ड-साधन कार्गो एका बिल्डमध्ये सगळ्यांची फीचर एकत्र करतं, त्यामुळे तुमच्या क्रेटचा टाइप कोणत्या तरी तिसऱ्याच अवलंबनावर ठरायला लागतो. दोन्ही शाखा काढून थेट कोअर::एफएफआय घ्या. एसटीडी चालू असो वा नसो, कोअर असतंच.

## ५. जुन्या वाटेवर काय ठेवायचं: री-एक्स्पोर्ट की एलियस?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला नव्या पत्त्यावर पोचवायचे दोन मार्ग आहेत आणि दोन्ही सारखेच वाटतात. ते सारखे नाहीत.

‘पब यूज’ करून री-एक्स्पोर्ट केलं, तर ती तीच वस्तू असते. तिच्यासोबत कन्स्ट्रक्टर येतात. कुणी जुनं आणि नवं अशी दोन्ही मॉड्यूल स्टार लावून इंपोर्ट केली तरी भांडण होत नाही, कारण दोन्हीकडून आलेलं नाव एकाच जागी पोचतं. अडचण एकच: री-एक्स्पोर्टवर डेप्रिकेटेड (‘हे आता वापरू नका’ ही खूण) लावलं तरी वापरणाऱ्याला इशारा जातच नाही. ती ओळ तुमच्या फाइलमध्ये दिमाखात बसलेली असते आणि बाहेर कुणाला पत्ताही नसतो.

‘पब टाइप’ लिहून एलियस केला, तर त्यावर लावलेला डेप्रिकेटेड व्यवस्थित इशारा देतो आणि टाइपची ओळखही एकच राहते. पण एलियस ही स्वतः एक वेगळी वस्तू असते. दोन स्टार-इंपोर्टमधून एकाच नावाचे दोन एलियस आले तर ते नाव वापरताच कंपायलर संदिग्धतेचा एरर देतो, मग पलीकडे दोन्ही आय३२ च का असेनात. दुसरं म्हणजे, ट्यूपल-स्ट्रक्टचा एलियस टाइप म्हणून चालतो, पण कन्स्ट्रक्टर म्हणून हाक मारता येत नाही. ‘हँडल(५)’ असं लिहिलेला सगळा जुना कोड तिथे मोडतो.

मग निवड कशी करायची? खऱ्या टाइपच्या ढिगासाठी नेहमी री-एक्स्पोर्ट. एलियसच्या ढिगासाठी दोन्ही चालतात, आणि पुढे डेप्रिकेट करायचा जरा जरी विचार असेल तर एलियस घ्या. रस्टच्या एसटीडी::ओएस::रॉ मध्येही अशीच विभागणी दिसते: सी_व्हॉइड तिथे री-एक्स्पोर्ट आहे आणि सी_इंट वगैरे कोअरच्या नावांचे एलियस आहेत.

तिसरा मार्ग अस्तित्वात नाही. ‘दोन्हीकडे व्याख्या ठेवू, पुढच्या वेळी एक काढू’ हे मी स्वतः एकदा केलंय. सी लायब्ररीचं हँडल म्हणून एक अपारदर्शक स्ट्रक्ट होतं, आत शून्य लांबीचा बाइट-अॅरे, बस. नव्या जागी प्रत ठेवली, जुनी तशीच. ज्याने जुन्या वाटेने कॉलबॅकचा टाइप लिहिला होता, त्याचा कॉलबॅक नव्या वाटेने आलेलं नोंदणी-फंक्शन घेईना. एररमध्ये दोन्ही टाइपची नावं सारखीच छापलेली, ‘अपेक्षित हँडल, मिळालं हँडल’. त्याने कंटाळून ट्रान्सम्यूट (टाइप जबरदस्तीने बदलणारं फंक्शन) लावलं आणि पुढे गेला. तो ट्रान्सम्यूट काढायला मला हलवाहलवीपेक्षा जास्त वेळ लागला.

सावधान: नव्या मॉड्यूलमध्ये नावं घालणंसुद्धा पूर्ण निरुपद्रवी नसतं. ते मॉड्यूल आणि लिबसी, दोन्ही स्टार लावून घेणाऱ्याकडे आता एकाच नावाचे दोन दावेदार असू शकतात. स्टारऐवजी नाव घेऊन केलेला इंपोर्ट मात्र जिंकतो, म्हणून उपाय सोपा आहे. बदलांच्या नोंदीत तो एका ओळीत सांगून टाका.

## ६. मागे राहिलेल्या मेथड आणि ट्रेट

तिसऱ्या टप्प्यात ‘अलॉक’ आणि ‘एसटीडी’ असा शिक्का बसलेल्यांची सोय आता लावायची.

ट्रेट-इम्प्लचा नियम साधा: टाइप किंवा ट्रेट यातलं निदान एक तरी त्या क्रेटचं स्वतःचं हवं. टूओन्ड हा अलॉकचा ट्रेट, म्हणून सीस्ट्रसाठीचा त्याचा इम्प्ल अलॉकमध्ये बसतो. नलएरर हा सीस्ट्रिंगबरोबरचा एरर-टाइप अलॉकमध्ये गेला तेव्हा एरर हा ट्रेट अजून एसटीडीतच होता, म्हणून तो इम्प्ल एसटीडीत राहिला. एरर ट्रेट कोअरमध्ये स्थिर झाला तो १.८१ मध्ये. यातून क्रमाबद्दल एक गोष्ट घ्या: टाइप आणि ट्रेट एकाच दमात हलवायची गरज नाही, पण मधल्या काळात प्रत्येक इम्प्लला घर असलं पाहिजे.

टाइपच्या स्वतःच्या मेथडना ही मुभा नाही. त्या टाइपच्याच क्रेटमध्ये लिहाव्या लागतात. मग टू_स्ट्रिंग_लॉसी अलॉकमध्ये कशी? स्टँडर्ड लायब्ररीकडे त्यासाठी कंपायलरची खास सवलत आहे: टाइपवर एक अंतर्गत अॅट्रिब्यूट, मेथडवर दुसरं, आणि मग कंपायलर डोळेझाक करतो. ही सवलत बाहेरच्या क्रेटला नाही. तुमच्याकडे एक्स्टेन्शन ट्रेट हाच मार्ग, आणि त्याची किंमत अशी की वापरणाऱ्याला तो ट्रेट इंपोर्ट करावा लागतो, म्हणजे जुना कोड मोडतो. तशा मेथड फार असतील तर तो टाइप हलवूच नका. खरंच.

## ७. टाइप एकच आहे का, याची तपासणी

आता टेस्ट. दोन प्रकारच्या हव्यात.

पहिली, ओळखीची: जुन्या वाटेचा पॉइंटर घेऊन नव्या वाटेचा पॉइंटर म्हणून परत देणारं एक छोटं फंक्शन, आत कास्ट नाही, काही नाही. कंपाइल झालं की टेस्ट पास. प्रत्येक नावासाठी एक.

दुसरी, आकाराची: दुसऱ्या टप्प्यातला तक्ता कॉन्स्ट-असर्टमध्ये उतरवा. ‘हे टार्गेट विंडोज असेल तर सी_लाँगचा आकार ४’ अशा ओळी. हे कंपाइल होतानाच तपासलं जातं, त्यामुळे ते मशीन हाताशी असायची गरज नाही. टार्गेट बसवून कार्गो चेक चालवलं की पुरतं. लिंक होत नाही, म्हणून त्या टार्गेटचा लिंकरही लागत नाही.

निदान इतक्या जागी चालवा: एक्स८६ लिनक्स, एआरएम६४ लिनक्स, एक्स८६ विंडोज, अॅपलचं एआरएम, एखादं ३२-बिट टार्गेट, आणि जमलं तर १६-बिट इंटवालं एक. पहिल्या ढिगाबद्दल जे म्हटलं ते इथे आठवा. एलियसच्या बाबतीत ओळखीची टेस्ट एकाच टार्गेटवर पास झाली तर तिचा अर्थ काहीच नाही. एक्स८६ वर दोन स्वतंत्र व्याख्या दोन्हीकडे आय८ देतील आणि टेस्ट खुशाल पास होईल. एआरएम६४ लिनक्सवर तीच टेस्ट ‘अपेक्षित यू८ चा पॉइंटर, मिळाला आय८ चा’ म्हणून पडेल. हवी आहे ती हीच पडझड, आणि ती तुमच्याकडे व्हायला हवी.

सावधान: या काळात क्लिपी (रस्टचा कोड तपासून सूचना देणारं साधन) एखाद्या ओळीला ‘हे कास्ट अनावश्यक आहे’ म्हणेल, उदाहरणार्थ सी_लाँगचं आय६४ करणारी ओळ. तुमच्या लिनक्सवर ते खरं आहे. काढून टाकलंत की विंडोजचा बिल्ड मोडला. कास्टऐवजी आय६४::फ्रॉम वापरा. ते दोन्हीकडे चालतं आणि आकार कमी होत असेल तर कंपाइलच होत नाही.

त्याच जातीची चूक ट्रेट-इम्प्लमध्ये होते. आय३२, आय६४ आणि सी_लाँग या तिघांसाठी एकाच ट्रेटचे इम्प्ल लिहिले तर सी_लाँग त्या दोघांपैकी कुणाशी तरी धडकणारच. इम्प्ल मूळ पूर्णांकांवरच लिहा. एलियसवर लिहू नका.

## ८. नावावर विसंबलेली बाकी मंडळी

टाइपची ओळख तीच राहिली, पण त्याचा खरा पत्ता बदलला. कंपायलरला फरक पडत नाही. पण नाव मजकूर म्हणून वाचणाऱ्यांना पडतो:

- एररचा मजकूर जसाच्या तसा ताडून पाहणाऱ्या टेस्ट
- पत्ता लिहून टाइप ओळखणारे लिंट
- नाव जुळवून मजकूर सुंदर दाखवणाऱ्या डीबगर-स्क्रिप्ट
- मॅक्रोच्या आत लिहिलेले पूर्ण पत्ते
- डॉक्समधले दुवे

डीबगर-स्क्रिप्ट सगळ्यात वाईट, कारण त्या मोडल्या तरी लाल काही दिसत नाही, फक्त स्ट्रिंगऐवजी बाइटांची रांग छापली जाते. पूर्ण रिपॉझिटरीत जुना पत्ता शोधा, आणि शोध फक्त रस्टच्या फाइलींपुरता ठेवू नका. टाइप_नेम फंक्शनचा निकाल कुणी फाइलमध्ये साठवत असेल तर त्याचंही मोडेल. तो निकाल आवृत्तीनुसार बदलू शकतो असं डॉक्समध्ये आधीपासून लिहिलेलं आहे, तेव्हा ती जबाबदारी तुमची नाही.

## ९. आधी स्थिर, मग बराच काळ शांतता, मग डेप्रिकेट

एकाच आवृत्तीत नवी वाट उघडायची आणि जुनीवर इशारा लावायचा, हा मोह टाळा. ज्या क्रेटला जुन्या कंपायलरवरही चालायचं असतं, त्याच्या दृष्टीने नवी वाट अजून अस्तित्वातच नाही. त्याला इशारा मिळतो पण तो घालवायचा उपाय मिळत नाही. त्यात कुणी इशाऱ्यांना एरर मानून बिल्ड करत असेल तर त्याचं काम त्याच दिवशी थांबतं.

आधी जुन्या मॉड्यूलच्या डॉक्समध्ये ‘हे जुन्या कोडसाठी ठेवलं आहे, नवीन कोडमध्ये कोअर::एफएफआय वापरा’ एवढं लिहा. मग लायब्ररीच्या स्वतःच्या कोडमधले सगळे वापर नव्या वाटेवर न्या, कारण आपणच जुनी वाट वापरत असताना इतरांना इशारे देणं शोभत नाही. पुढची पायरी ऐच्छिक लिंटची. एसटीडीऐवजी कोअर सुचवणारे लिंट क्लिपीत आहेत आणि ते मूळचे बंद असतात, म्हणजे ज्याला हवं तो चालू करतो. खरं डेप्रिकेशन त्यानंतर, आणि तेही गरज असेल तरच. जुनं मॉड्यूल चार एलियसांचं असेल तर ते तसंच पडून राहिलं म्हणून कुणाचं काही बिघडत नाही.

## १०. फक्त वापरणाऱ्यांसाठी

लायब्ररी तुमची नसेल आणि नुसता आपला कोड नव्या वाटेवर आणायचा असेल, तर काम एका बैठकीचं आहे.

पहिल्यांदा आपल्या क्रेटची किमान कंपायलर-आवृत्ती बघा. ती १.६४ च्या खाली असेल तर इथेच थांबा, एसटीडी::ओएस::रॉ चांगलं चाललंय. वर असेल तर इंपोर्टच्या ओळी बदला, स्टार-इंपोर्ट काढून नावं लिहा, आणि मग कोडमध्ये ‘आय८ चा पॉइंटर’ असं थेट लिहिलेलं जिथे जिथे सापडेल तिथे सी_चार करा. ही तिसरी पायरी लोक विसरतात, आणि एआरएमवर कंपाइल न होणारा कोड बहुतेकदा तिथेच असतो. शून्य-बाइट हाताने चिकटवलेल्या बाइट-स्ट्रिंग असतील तर १.७७ पासून सी-स्ट्रिंग लिटरल थेट लिहिता येतात. एडिशन २०२१ किंवा पुढची लागते. त्याने कास्टच्या बऱ्याच ओळी आपोआप गळतात.

बाइंडजेनने (सी-च्या हेडरवरून रस्टचा कोड बनवणाऱ्या साधनाने) बनवलेल्या फाइली हाताने बदलू नका. पुढच्या वेळी त्या पुन्हा तयार होतील आणि तुमचा बदल पुसला जाईल. बिल्ड-स्क्रिप्टमध्ये यूज_कोअर हा पर्याय चालू करा, फाइल नव्याने बनवा आणि जुन्या-नव्यातला फरक वाचा. फक्त पत्ते बदललेले दिसले पाहिजेत. एखाद्या टाइपचा आकार किंवा फील्डचा क्रम बदललेला दिसला, तर तुमच्याकडची हेडर-फाइल मध्यंतरी बदलली आहे. तो कमिट वेगळा करा.